फाटकाबाहेरचा संघ

महाविद्यालयातल्या क्रीडाशिक्षकाची कारकीर्द मोजण्याची आपली रीत ठरलेली आहे. जिमखान्याच्या कपाटात किती ढाली आल्या, विद्यापीठाच्या संघात किती मुले निवडली गेली, त्यांतल्या कितीजणांना रेल्वेत किंवा पोलिसांत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, एवढे पाहिले की निरोपसमारंभाचे भाषण तयार होते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक राहिलेले विजय बारसे यांची कारकीर्द या मापात मावत नाही. ज्या कामामुळे त्यांचे नाव देशभर आणि देशाबाहेर पोचले, त्यातली बहुतेक मुले हिस्लॉपच्याच काय, कोणत्याच महाविद्यालयाच्या पटावर नव्हती. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिताना ‘कॉलेजच्या चौकटीतून बाहेर पडून झोपडपट्टीत गेलेला प्राध्यापक’ अशी मांडणी सर्रास होते. ही मांडणी कौतुकाची असली तरी ती मला अपुरी वाटते. बारसे यांनी क्रीडाशिक्षकाचे काम बाजूला ठेवून दुसरेच काही केले, असे त्यातून सूचित होते. त्यांच्या कामाचा मागोवा घेतला तर उलटे दिसते. त्यांनी क्रीडाशिक्षकाचेच काम केले, त्याच्याच हत्यारांनी केले. फक्त ते काम जिथे थांबते असे आपण मानतो, तिथे ते थांबले नाहीत. ते थांबण्याचे ठिकाणच चुकीचे आहे, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवून दिले आणि त्याची दखल आपल्या महाविद्यालयांनी अजून घेतलेली नाही.

हा मागोवा जबलपुरातून घेण्याला कारण आहे. नागपूर आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतातली शहरे होती. हिस्लॉप कॉलेज स्कॉटिश मिशनने १८८३ मध्ये काढले. आमचे रॉबर्टसन कॉलेज त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, सागरहून जबलपूरला आले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि ही दोन्ही महाविद्यालये एकाच छत्राखाली आली. पुढे १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघाले, १९५६ मध्ये जबलपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, राज्याच्या सीमाही बदलल्या. पण खेळाचा जो साचा त्या काळी पडला तो दोन्हीकडे सारखाच राहिला. जबलपुरात खेळ आला तो संस्थांच्या हाताला धरून. छावणीने हॉकी आणली. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ रूपसिंग १९०८ मध्ये इथलेच जन्मले. तोफगाड्यांच्या कारखान्याने, रेल्वेने, पलटणींच्या केंद्रांनी आणि महाविद्यालयांनी आपापली मैदाने राखली. १९८५-८६ ची संतोष ट्रॉफी जबलपुरात खेळली गेली आणि पंजाबने ती जिंकली. म्हणजे फुटबॉल या शहराला परका नाही. पण या सगळ्या मैदानांना एक गोष्ट समान आहे. त्यांना कुंपण आहे, फाटक आहे, आणि आत येण्यासाठी आधी त्या संस्थेचे कोणीतरी असावे लागते.

महाविद्यालयीन फुटबॉलचे फाटक तर कागदांचे बनलेले असते. आंतरविद्यापीठ फुटबॉलची सर आशुतोष मुखर्जी ट्रॉफी हे आपल्याकडच्या विद्यार्थी-खेळाडूचे सर्वांत मोठे स्वप्न. तिथे पोचायचे तर आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी, मग विभागीय फेरी. प्रत्येक पायरीवर नियमित विद्यार्थी असल्याचा दाखला, वयाचा पुरावा, गुणपत्रिका. हे नियम बनावट खेळाडू घुसू नयेत म्हणून आहेत आणि ते असायलाच हवेत. परंतु त्यांचा एक परिणाम असा होतो की क्रीडाशिक्षकासमोर जी मुले येतात ती आधीच गाळून आलेली असतात. आठवीत शाळा सुटलेला, सकाळी भंगार वेचणारा किंवा हॉटेलात कपबशा धुणारा मुलगा कितीही चपळ असो, तो त्या चाचणीच्या सकाळी मैदानावर असण्याची शक्यताच नसते. शिक्षक ‘जे उत्तम आहेत ते निवडतो’ असे आपण म्हणतो. खरे तर जे पोचले आहेत त्यांतले उत्तम तो निवडतो. या दोन वाक्यांमधले अंतर किती मोठे आहे, हे बारसे यांना २००० च्या सुमारास एका पावसाळी दिवशी दिसले.

तो प्रसंग आता बराच प्रसिद्ध आहे. पावसापासून आडोसा घेऊन उभे असताना त्यांना वस्तीतली काही मुले चिखलात एक फुटकी प्लास्टिकची बादली लाथाडत खेळताना दिसली. या गोष्टीतला करुण भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या मते महत्त्वाचा आहे तो पाहणाऱ्याचा डोळा. फुटकी बादली चेंडूसारखी सरळ घरंगळत नाही. ती कुठे वळेल याचा नेम नसतो, चिखलात पाय घसरतो, आणि तरीही मुले एकमेकांना पास देत असतात, अंगावर आलेल्याला चुकवत असतात. वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या कोणाला तिथे गरिबी दिसली असती. आयुष्य मैदानावर घालवलेल्या माणसाला तिथे खेळ दिसला. त्यांनी मुलांना चेंडू दिला, आणि मग जे केले ते कोणताही क्रीडाशिक्षक करतो तेच: स्पर्धा भरवली.

त्या पहिल्या मोठ्या ‘झोपडपट्टी फुटबॉल’ स्पर्धेत १२८ संघ उतरले. हा आकडा नुसता वाचून पुढे जाण्यासारखा नाही. बाद पद्धतीने खेळवायचे म्हटले तरी १२८ संघांतून एक विजेता काढायला सात फेऱ्या आणि १२७ सामने लागतात. एका संघात आठच मुले धरली तरी हजारावर खेळाडू होतात. एवढ्या सामन्यांचे वेळापत्रक, मैदानाची आखणी, पंच, पंचांच्या शिट्ट्या, पाण्याची सोय, हरलेल्या संघाची समजूत, वयावरून होणारी भांडणे, दोन वस्त्यांमधली जुनी खुन्नस, हे सारे कोणाला जमते? ज्याने वर्षानुवर्षे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पार पाडल्या आहेत त्याला. सदिच्छा पुष्कळांकडे असते. सात फेऱ्यांचा तक्ता बिनचूक आखून तो शेवटच्या सामन्यापर्यंत निभावण्याचा सराव क्रीडाशिक्षकाकडे असतो. माझ्या म्हणण्याला पहिला आधार इथे मिळतो. झोपडपट्टीत जे उभे राहिले ते महाविद्यालयात कमावलेल्या कसबावर उभे राहिले. दुसरा आधार त्या आकड्यातच आहे. एका शहराच्या वस्त्यांतून १२८ संघ निघतात, याचा अर्थ खेळाडू तिथे आधीपासून होते. महाविद्यालयांच्या मैदानांना ते दिसत नव्हते, इतकेच.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. २००१ मध्ये क्रीडा विकास संस्था, नागपूर या नावाने कामाला आकार आला आणि ‘स्लम सॉकर’ हे नाव रूढ झाले. जिल्ह्यांच्या, मग राज्यांच्या, मग देशपातळीच्या स्पर्धा झाल्या. बारसे यांचा अमेरिकेत असलेला मुलगा अभिजित परतून या कामात आला. त्याच सुमारास जगात दुसरीकडे अशाच विचारातून ‘होमलेस वर्ल्ड कप’ सुरू झाला होता. मेल यंग आणि हाराल्ड श्मीड यांना २००१ मध्ये ही कल्पना सुचली आणि २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिली स्पर्धा झाली. बेघर आणि वंचित तरुणांची ही स्पर्धा. मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. भारताचा संघ २००७ मध्ये कोपनहेगनला गेला, आणि त्या स्पर्धेसाठी भारताचा संघ घडवण्याचे काम नागपूरच्या या संस्थेकडे आले. २०१० मध्ये रिओ द जानेरोला गेलेल्या संघाचा कर्णधार अखिलेश पॉल याने आपली कहाणी २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’च्या तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात स्वतः सांगितली. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ च्या मार्चमध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला आणि बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. चित्रपटाने नाव घरोघरी पोचवले; काम मात्र त्याआधी वीस वर्षे चालू होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खेळातल्या जाणकारांचा आहे आणि तो वजनदार आहे. प्रशिक्षकाची कसोटी त्याने घडवलेल्या खेळाडूंवर व्हावी. इतक्या वर्षांत या वाटेने देशाच्या मुख्य संघात किती जण गेले? तुलनेसाठी दोन नावे डोळ्यांसमोर येतात. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. दुसरे नाव अ‍ॅन्सन डोरन्स यांचे. १९५१ मध्ये मुंबईत जन्मलेला हा अमेरिकी प्रशिक्षक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाबरोबर १९७९ पासून २०२४ पर्यंत राहिला, विद्यापीठांची २२ राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या संघांनी मिळवली आणि १९९१ चा पहिला महिला विश्वचषक त्याच्याच हाताखाली अमेरिकेने जिंकला. या पंक्तीत बारसे कुठे बसतात? सरळ उत्तर असे की या पंक्तीत ते बसत नाहीत. पण डोरन्स यांच्या यशामागे काय होते तेही पाहायला हवे. १९७२ मध्ये अमेरिकेत शिक्षणसंस्थांतला लिंगभेद कायद्याने बंद झाला, त्यामुळे मुलींच्या खेळांना विद्यापीठांत पैसा, मैदाने आणि शिष्यवृत्त्या मिळाल्या. आधी दार उघडले गेले, मग विजेते आले. आपल्याकडे दार उघडण्याचेच काम बाकी होते आणि एका क्रीडाशिक्षकाने ते आपल्या हिमतीवर केले. त्याच्या पुढचा जिना, म्हणजे वस्तीच्या संघातून क्लबात, क्लबातून राज्याच्या संघात नेणारा, बांधण्याची जबाबदारी संघटनांची आणि विद्यापीठांची होती. होमलेस वर्ल्ड कपचा तर नियमच आहे की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच त्यात खेळता येते. म्हणजे ही स्पर्धा आत येण्यासाठी आहे, तिथे मुक्काम करण्यासाठी नाही. आत आलेल्याला पुढे नेणारे कोणी नसेल तर तो दोष दार उघडणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. शिवाय ज्या देशाचा सर्वांत यशस्वी प्रशिक्षक एक शाळामास्तर होता, त्या देशाने शिक्षकाच्या नजरेची किंमत कमी लेखू नये.

दुसरा आक्षेप सामाजिक कार्यकर्त्यांकडून येतो. फुटबॉलने पोट भरत नाही. वस्तीतल्या मुलाला शाळा हवी, दवाखाना हवा, बापाला काम हवे. त्याच्या हाती चेंडू देऊन आपण आपल्या मनाचे समाधान करून घेतो. या आक्षेपातला इशारा मान्य करायलाच हवा. चेंडूने गरिबी हटते असा दावा कोणी करत असेल तर तो खोटा आहे, आणि मैदानावर आलेला प्रत्येक मुलगा व्यसनातून किंवा चोरीमारीतून सुटला असेही कोणी म्हणू नये. तरीही नियमित सरावाने काय मिळते ते नीट पाहिले पाहिजे. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी कोणीतरी आपली वाट पाहत आहे, आपण गेलो नाही तर त्याच्या लक्षात येणार आहे, ही गोष्ट सुस्थितीतल्या घरातल्या मुलाला आपोआप मिळते. वस्तीतल्या पुष्कळ मुलांना ती पहिल्यांदा मिळते ती सरावाच्या मैदानावर. क्रीडाशिक्षक हजेरी घेतो, आणि हजेरी घेणे म्हणजे तुझ्या असण्या-नसण्याने फरक पडतो हे रोज सांगणे. या पायावरच पुढचे उपक्रम उभे राहिले. गणितासारखे विषय खेळातून शिकवण्याचा प्रयोग झाला, मुलींसाठी वेगळे सराव सुरू झाले, आणि ‘फुटबॉल-३’ ही पद्धत आली. ती समजून घेण्यासारखी आहे. सामन्याचे तीन भाग असतात. आधी दोन्ही संघ एकत्र बसून त्या दिवसाचे नियम ठरवतात, मग पंचाशिवाय खेळतात, आणि शेवटी पुन्हा बसून एकमेकांच्या वागणुकीला गुण देतात. गोल आणि हे गुण मिळून निकाल लागतो. १९९४ मध्ये कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार याचा खून झाल्यानंतर मेडेयिन शहरातल्या हिंसाचाराला उत्तर म्हणून अशा खेळाची सुरुवात झाली. ज्या मुलाचे म्हणणे ऐकून घ्यायला घरी-दारी कोणाला सवड नसते, तो मुलगा इथे बसून नियम ठरवतो आणि ते पाळतो. शाळा आणि दवाखाना यांची जागा हे घेऊ शकत नाही. पण नियम आपले आहेत असे वाटल्याशिवाय शाळाही टिकत नाही, आणि त्या भावनेची रोजची तालीम मैदानावर होते.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. झोपडपट्टीतल्या मुलांची वेगळी स्पर्धा घेणे म्हणजे त्यांच्या कपाळावर शिक्का मारणे नाही का? समान वागवायचे तर सगळ्यांसोबत खेळवा, असे म्हणणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो. परंतु खुल्या स्पर्धेचा अनुभव काय सांगतो? बूट असलेले, रोज सराव करणारे, पोटभर जेवणारे संघ पहिल्याच फेरीत अनवाणी संघाचा धुव्वा उडवतात आणि तो संघ पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही. समान नियमांनी असमान मुलांना एकत्र उतरवले की निकाल सामन्याआधीच लागलेला असतो. हरण्या-जिंकण्याची खरी संधी असलेला पहिला सामना मिळणे हा प्रत्येक खेळाडूचा हक्क आहे. महाविद्यालयेही नवख्यांचे सामने वेगळे घेतात आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. वेगळी स्पर्धा कायमची राहिली, तीच त्या मुलांची शेवटची हद्द ठरली, तर मात्र आक्षेप खरा होईल. ती तशी ठरू नये म्हणून पुढे संयुक्त सामने, संयुक्त सराव आणि महाविद्यालयांचे मैदान लागते. म्हणजे हा आक्षेप शेवटी बारसे यांच्यावर येतच नाही. तो फाटकाआड बसलेल्या संस्थांवर येतो.

चौथा आक्षेप असा की हे सारे एका माणसाच्या झपाटलेपणावर चालले; अशी माणसे मागून मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या उदाहरणावरून धोरण आखता येत नाही. चित्रपटाने या समजाला बळ दिले, कारण पडद्याला नायक लागतो. मला इथे सर्वांत ठाम असहमती नोंदवायची आहे. बारसे यांच्या कामातले घटक एकेक करून मांडा: एक चेंडू, संध्याकाळी रिकामे असणारे मैदान, स्पर्धेचा तक्ता, काही शिट्ट्या, पंच म्हणून उभे राहतील असे काही तरुण, आणि हजेरी घेणारा एक शिक्षक. यातली कोणती गोष्ट दुर्मीळ आहे? जबलपुरातल्या प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात यातले जवळजवळ सगळे आहे. मध्य प्रदेशातल्या महाविद्यालयांत क्रीडाधिकाऱ्याचे पद आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत, शारीरिक शिक्षणाचे पदवीधर आहेत. नागपुरात काम टिकले तेही एकट्याच्या जोरावर टिकले नाही. खेळायला आलेलेच पुढे शिकवायला उभे राहिले, आणि ही साखळी तयार होणे हीच कामाची खरी कमाई आहे. झपाटलेपण लागले ते रुळलेल्या वाटेविरुद्ध जाण्यासाठी. वाटच बदलली तर तेवढे झपाटलेपण लागणार नाही.

वाट का बदलत नाही, याचे एक कारण आपल्या मूल्यमापनाच्या पद्धतीत आहे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात विद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय पातळीवर मिळालेली क्रीडापदके एका रकान्यात मोजली जात आली आहेत. आसपासच्या वस्तीत केलेले काम विस्तारकार्य म्हणून दुसऱ्या रकान्यात जात आले आहे. पदकांचा रकाना क्रीडा विभागाचा, विस्ताराचा रकाना राष्ट्रीय सेवा योजनेचा, अशी वाटणी महाविद्यालयांनी आपसूक करून टाकली आहे. त्यामुळे क्रीडाधिकारी वर्षभर पंधरा-वीस निवडक मुलांवर राबतो, सेवा योजनेची मुले वस्तीत जाऊन रस्ते झाडतात, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. बारसे यांची कारकीर्द हे दोन रकाने एकच आहेत असे सांगते. ज्या मैदानावर अधिक मुले येतात तिथूनच कधीतरी चांगला संघ निघतो. आणि चांगला संघ घडवणारा शिक्षक हाताशी असेल तरच वस्तीतले काम एका दिवसाच्या शिबिरापलीकडे जाते.

म्हणून या मागोव्याचा शेवट मला गौरवाने करायचा नाही. गौरव पुष्कळ झाला आहे. मागणी साधी आहे. जबलपूरच्या महाविद्यालयांनी आणि राणी दुर्गावती विद्यापीठाने आपली मैदाने आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळी रांझी, घमापूर, गढा अशा भागांतल्या मुलांना खुली करावीत, हे काम क्रीडाधिकाऱ्याच्या कर्तव्यांत लेखी धरावे, आणि त्याच्या बढतीच्या वेळी कपाटातल्या ढालींइतकेच ते मोजावे. वर्षातून एकदा शहराच्या वस्त्यांची स्पर्धा महाविद्यालयांनी मिळून भरवावी आणि तिच्यातल्या चांगल्या खेळाडूंना महाविद्यालयांच्या सरावात बोलवावे, मग ते पटावर असोत वा नसोत. यातून उद्याचा राष्ट्रीय खेळाडू मिळेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु नागपुरात १२८ संघ निघाले. जबलपूर किती संघ उभे करते, हे निदान मोजून तरी पाहायला हवे. एका क्रीडाशिक्षकाने ती मोजणी पंचवीस वर्षांपूर्वी सुरू केली. ती पुढे नेणे हे त्याच्या पेशातल्या सगळ्यांचे नेमून दिलेले काम व्हावे.